शंका केव्हा पुरेशी होते? शासनाचे दायित्व आणि गणिताची साक्ष

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे सर्वदूर परिचित झाले आहे. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त तेथे जी महापंगत बसते, तिची छायाचित्रे आमच्या अनेक वाचकांनी वृत्तपत्रांतून पाहिली असतील. मोकळ्या शेतात लाखाहून अधिक माणसे ओळीने बसलेली असतात आणि पुरी व वांग्याची भाजी भरलेले ट्रॅक्टर त्या ओळींमधून हळूहळू पुढे सरकत असतात. एवढ्या जनसमुदायाला एका बैठकीत जेवू घालणे हे श्रद्धेचे काम आहे, तसेच ते हिशेबाचेही काम आहे. पीठ किती, पाणी कोठून, भाजी शिजल्यावर किती वेळात पानात पडली पाहिजे, कोणी आजारी पडल्यास त्याला कोठे न्यायचे, या प्रश्नांची उत्तरे पंगत बसण्यापूर्वी द्यावी लागतात. ती देणारा मनुष्य गणित हा शब्द उच्चारीत नसेल. तो करतो ते मात्र गणितच असते.

याच परिसरातील लोणार तालुक्यात, सोमठाणा येथे, २० फेब्रुवारी २०२४ रोजी एकादशीच्या दिवशी हरिनाम सप्ताहात भगर आणि आमटीचा प्रसाद झाला. तो घेतलेल्या तीनशेहून अधिक स्त्री-पुरुषांना व बालकांना रात्री उलट्या व जुलाब सुरू झाले. बीबी येथील ग्रामीण रुग्णालयात त्यांना आणण्यात आले, आणि खाटा अपुऱ्या पडल्यामुळे अनेकांना बाहेर मोकळ्या जागेत निजवून, झाडांना दोर बांधून त्या दोरांवर सलाईनच्या बाटल्या टांगण्यात आल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही. ते दृश्य देशभर दाखविले गेले, चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय मागे पडला.

प्रसाद दूषित झाला याचा दोष शासनावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु दोरावर टांगलेल्या बाटल्यांचे काय? एखाद्या ग्रामीण रुग्णालयात एका रात्री शेकडो रुग्ण येणे ही अकल्पित आपत्ती म्हणायची, की सप्ताह, जत्रा व पंगती वर्षभर चालणाऱ्या प्रदेशात ती अपेक्षित धरावयास हवी होती? शासनाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न या ‘अपेक्षित’ शब्दापाशी येऊन थांबतो, आणि येथेच गणिताची काही मदत होऊ शकते असे आम्हांस वाटते. निर्णयशास्त्र, म्हणजे अनिश्चित परिस्थितीत कोणता पर्याय निवडावा याचा गणिती विचार, ही विद्या आपल्याकडे कारखाने व विमा व्यवसाय यांच्यापुरती मर्यादित राहिली आहे. सार्वजनिक हानीच्या चर्चेत ती क्वचितच ऐकू येते.

या विचाराचे न्यायालयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. जानेवारी १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात पिठाने भरलेली ‘ॲना सी’ नावाची एक मालवाहू नौका दोर सुटून वाहत गेली, दुसऱ्या जहाजावर आदळली व बुडाली. तिच्यावर असावयास हवा असलेला रखवालदार एकवीस तास जागेवर नव्हता. १९४७ साली निकाल देताना न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निष्काळजीपणा ओळखण्याची एक सोपी कसोटी मांडली. अपघात होण्याची शक्यता आणि झाल्यास होणारी हानी यांचा गुणाकार करावा. खबरदारी घेण्याचा खर्च त्या गुणाकारापेक्षा कमी असूनही ती घेतली गेली नसेल, तर तो निष्काळजीपणा होय. युद्धाच्या धामधुमीत, हिवाळ्याच्या आखूड दिवसांत, गजबजलेल्या बंदरात दोर सुटण्याची शक्यता पुष्कळ होती आणि नौकेवर एक माणूस ठेवण्याचा खर्च अल्प होता. म्हणून मालकावर जबाबदारीचा वाटा आला.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हा विचार अगदी नवा वाटू नये. निर्गमाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मारकुट्या बैलाचा नियम आहे. बैलाने कोणाला प्रथमच शिंग मारले आणि तो मेला, तर मालक निर्दोष ठरतो. परंतु बैल मारका आहे हे पूर्वीपासून ठाऊक असून, मालकाला तसे बजावलेले असून, त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालक अपराधी ठरतो. त्याच अध्यायात उघडा खड्डा न झाकणाऱ्याने भरपाई द्यावी असेही सांगितले आहे. दोन्ही नियमांत विचारले जाते ते एवढेच: तुला माहीत होते काय, आणि बांधणे किंवा झाकणे तुझ्या हाती होते काय?

भारतीय कायद्यात मात्र हा प्रश्न शासनाला विचारता येतो की नाही यावरच दीर्घकाळ वाद चालला. १८६१ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी गोदीतील कामगारांच्या निष्काळजीपणामुळे जखमी झालेल्या घोड्याची भरपाई सरकारकडून देवविली होती, मात्र तसे करताना सार्वभौम कार्ये आणि इतर कार्ये असा भेदही केला. त्या भेदाची किंमत पुढे सामान्य माणसाने मोजली. मेरठच्या पोलिसांनी १९४७ साली एका व्यापाऱ्याचे सोने ताब्यात घेतले. ते ज्याच्या ताब्यात होते तो हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांचे काम सार्वभौम स्वरूपाचे असल्यामुळे शासन भरपाईला बांधील नाही, असा निर्णय दिला. विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ साली, शासनाच्या अशा दायित्वाविषयी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस केली होती. साठच्या दशकात विधेयके आली व गेली. कायदा आजही झालेला नाही.

वाट काढली ती न्यायालयांनी, संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कातून. १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात पोलीस कोठडीतील मृत्यूबद्दल दीड लाख रुपयांची भरपाई देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तेथे सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही. सोमठाण्याच्या संदर्भात अधिक जवळचा निर्णय १९९६ चा आहे. बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार बसलेल्या एका शेतमजुराला १९९२ साली एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही असे सांगून परत पाठविले होते. न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली आणि तातडीचे उपचार पुरविण्याच्या घटनात्मक कर्तव्यातून पैसा नाही म्हणून शासनाची सुटका होत नाही, असे स्पष्ट केले.

आता जो प्रसंग आम्हांस सर्वांत विचार करावयास लावतो, त्याकडे वळू. हिवरा आश्रम ज्या मेहकर तालुक्यात आहे, त्यातून शेगाव-पंढरपूर पालखी मार्ग जातो. त्या वाटेने उत्तरेकडे गेल्यास खामगावच्या पुढे गजानन महाराजांचे शेगाव लागते. त्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल, असा प्रकार होता. पुरुष, स्त्रिया, शाळकरी मुली, कोणीही सुटले नाही. पुढे अठरा गावांतील २७९ जणांची नोंद झाली. लोक मुंडण करून घेऊ लागले, मुले शाळेत जाईनात, ठरलेली लग्ने अडचणीत आल्याच्या वार्ता आल्या.

आरोग्य विभागाने प्रथम पाण्याचा संशय घेतला, नंतर त्वचेच्या बुरशीचा. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली व त्यांनी रक्त, केस, पाणी व माती यांचे नमुने नेले. दरम्यान महाड येथील ज्येष्ठ वैद्यक संशोधक पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः या गावांतून नमुने जमवून तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष असा की बाधितांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढले असून त्याचा उगम स्वस्त धान्य दुकानांतून मिळालेल्या गव्हात आहे. त्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. सर्वसाधारण प्रमाण त्यांनी १.९ मिलिग्रॅम सांगितले. म्हणजे हे साडेसात पटींहून अधिक झाले. हा गहू पंजाबकडून आल्याचेही त्यांनी म्हटले. पंजाबात शिवालिक पायथ्याच्या काही भागांतील माती सेलेनियमयुक्त आहे हे मृदाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतील काहींची नखे ठिसूळ होऊन गळू लागली.

डॉ. बावस्करांचा निष्कर्ष हा एका अनुभवी संशोधकाचा निष्कर्ष आहे; तो न्यायनिवाडा म्हणून आम्ही येथे मांडीत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. संशय आणि अहवाल यांच्यामधल्या दिवसांत जे धान्य वाटले जाते, त्याचा विचार कोणत्या रीतीने करावा, एवढेच आम्ही पाहणार आहोत.

समजा, एखाद्या अधिकाऱ्यापुढे दोनच पर्याय आहेत: संशयित गव्हाचे वाटप थांबवून दुसरे धान्य आणावे, किंवा अहवाल येईपर्यंत वाटप चालू ठेवावे. गहू निर्दोष असून तो थांबविला, तर वाहतुकीचा व बदली धान्याचा खर्च वाया जाईल. गहू सदोष असून तो चालू ठेवला, तर आणखी माणसे आजारी पडतील. दोन्ही चुकाच आहेत, परंतु त्या एका वजनाच्या नाहीत. आणखी समजा, दुसऱ्या चुकीची हानी पहिल्या चुकीच्या खर्चाच्या दहापट आहे. मग साधा हिशेब असा निघतो की गहू सदोष असण्याची शक्यता शंभरात दहाहून अधिक वाटू लागताच वाटप थांबविणे शहाणपणाचे ठरते. हानी वीसपट असेल, तर शंभरात पाचाची शंकाही पुरेशी होते. शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबणे हा मार्ग केवळ तेव्हाच योग्य ठरेल, जेव्हा माणसाच्या आजाराची किंमत ट्रकच्या भाड्याएवढीच धरली जाईल. तसे कोणी बोलून दाखविणार नाही. पण प्रतीक्षेच्या प्रत्येक दिवशी अबोलपणे तेच धरले जात असते.

शंका शंभरात दहावर पोहोचली हे कसे कळावे? त्यासाठी गणितात एक जुनी रीत आहे. ती थॉमस बेझ नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने शोधली आणि त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, ती प्रसिद्ध झाली. नवा पुरावा आला की जुन्या अंदाजात किती बदल करावा, हे ती सांगते. उदाहरण म्हणून असे धरू की पहिल्या आठवड्यात धान्यावरचा संशय शंभरात पाच होता, म्हणजे पाचास पंच्याण्णव. मग असे दिसून आले की नळाचे पाणी पिणारी आणि विहिरीचे पाणी पिणारी अशी दोन्ही घरे बाधित आहेत आणि बुरशीचा खुलासाही सर्वांना लागू पडत नाही. धान्यच कारण असेल तर असे दिसण्याचा संभव, अन्य कारणाच्या तुलनेत, चौपट आहे असे मानले, तर पाचाचे वीस होतात. वीसास पंच्याण्णव, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. एका निरीक्षणाने शंकेने दहाची रेषा ओलांडली. हे आकडे आम्ही केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. शेगावचे खरे आकडे आरोग्य खात्याच्या दप्तरात असावयास हवेत. कोणत्या बाधिताने रेशनचा गहू खाल्ला होता, आणि त्याच गावात घरचा गहू किंवा ज्वारी खाणाऱ्यांपैकी किती जण बाधित झाले, ही चार रकान्यांची यादी एखादी आशा सेविका दोन दिवसांत करू शकते. तिला प्रयोगशाळा लागत नाही.

आमच्या मते या विषयातील मर्म येथे आहे. ‘अद्याप सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य शासकीय निवेदनांत दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरले जाते. कोणाला दोषी ठरवून शिक्षा करावयाची असेल, तर ते वाक्य योग्यच आहे. निरपराध माणसाला शिक्षा होऊ नये म्हणून पुराव्याची पायरी उंच असलीच पाहिजे. परंतु लोकांना धोक्यापासून दूर ठेवावयाचे असेल, तर पायरी खाली असते, आणि ती किती खाली असावी हे हानी व खर्च यांच्या प्रमाणावरून ठरते. पहिल्या कामाचे वाक्य दुसऱ्या कामाला वापरले की खबरदारी लांबते. आणि पुढे भरपाईची वेळ आली की दायित्व अहवालाच्या तारखेपासून मोजले जाते, शंका पुरेशी झाली त्या तारखेपासून नव्हे. या दोन तारखांमध्ये जे बाधित झाले, त्यांचा हिशेब कोठेच लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते, आणि मोफत मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार कसली? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे धान्य हक्क म्हणून दिलेले आहे आणि त्याच्या उद्देशातच दर्जाचा उल्लेख आहे. शिवाय बाजारात जाणारा ग्राहक दुकान बदलू शकतो. शिधापत्रिकेवर जगणाऱ्या विधवेला जे पोते फोडले जाईल तेच घरी न्यावे लागते. निवड जितकी कमी, तितकी देणाऱ्याची जबाबदारी अधिक. हँड यांच्या कसोटीत हा विचार बसत नाही, ही तिची उणीव समजावी.

दायित्व मान्य झाले, तर ते किती? या प्रश्नासाठी आम्हांस सिंदखेडराजाकडे जावे लागेल. मेहकरला लागून असलेल्या या तालुक्यात, पिंपळखुटा शिवारात, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी होरपळून मरण पावले. आठ जण वाचले. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये व पंतप्रधान साहाय्यता निधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले. टायर फुटला, की चालकाची चूक झाली, यावर पुष्कळ चर्चा झाली. त्याच काळात नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी सरळ व एकसुरी रस्त्यामुळे चालकाला येणाऱ्या गुंगीकडे लक्ष वेधले. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हा वाटेतल्या विश्रांतीच्या व खानपानाच्या सोयी पुरेशा तयार नव्हत्या. रस्ता खुला करण्याची तारीख आणि सोयी पूर्ण होण्याची तारीख यांतल्या अंतराची किंमत कोणी काढली होती काय, हा प्रश्न चालकाच्या दोषाने पुसला जात नाही. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याहून परतणारे नाशिककडील बारा भाविक वैजापूरजवळ याच मार्गावर ट्रकवर गाडी आदळून मृत्युमुखी पडले. तो ट्रक रस्त्यात थांबविल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्याच दोघा अधिकाऱ्यांना अटक झाली होती.

मृताच्या कुटुंबाला काय मिळावे, याचे गणित आपल्या न्यायालयांनी केलेले आहे आणि ते सामान्य माणसाने एकदा समजून घ्यावे असे आहे. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निर्णयात वयानुसार गुणकांचा तक्ता दिला, आणि २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयात भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी ठरवून दिली. तीस वर्षांच्या एका मजुराचे उदाहरण घेऊ. वर्षाचे उत्पन्न १ लाख २० हजार, घरी चार माणसे अवलंबून. भावी वाढीचे चाळीस टक्के मिळविले की १ लाख ६८ हजार. स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केले की १ लाख २६ हजार. त्या वयाचा गुणक सतरा. उत्तर येते २१ लाख ४२ हजार रुपये, अंत्यविधी आदींच्या रकमा वेगळ्या. हे पैसे विमा कंपनीने किंवा वाहनमालकाने द्यावयाचे असतात, शासनाने नव्हे. परंतु तुलना करून पाहावी. न्यायालयाची स्वतःची मोजपट्टी एका गरीब मजुराच्या कुटुंबाचे नुकसान एकवीस लाखांच्या पुढे दाखविते आणि सानुग्रह मदत सात लाखांवर थांबते. सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेले. कृपेला हिशेब विचारता येत नाही, म्हणून तिची रक्कम वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांवर अवलंबून राहते, असे आम्ही खेदाने नमूद करतो.

याच तक्त्याची दुसरी बाजूही लपवू नये. तेवढ्याच वयाचा, वर्षाला सहा लाख मिळविणारा अभियंता त्याच बसमध्ये असता, तर त्याच रीतीने उत्तर १ कोटी ७ लाख १० हजार आले असते. जीव एकच, भरपाई पाचपट. गुणक वयाबरोबर घटत जातो. पासष्टीच्या पुढे तो पाच आहे. गृहिणीचे उत्पन्न काय धरावे, यासाठी २००१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेव्हा लता वाधवा प्रकरणात तिच्या सेवांचे मूल्य महिना ३,००० रुपये धरले गेले. अमेरिकेतही २००३ साली पर्यावरण खात्याच्या एका हिशेबात सत्तरीपुढच्या माणसाच्या जिवाचे मूल्य ३७ टक्क्यांनी कमी धरल्याचे उघडकीस आले, आणि वृद्धांच्या संतापामुळे ती पद्धत सोडून द्यावी लागली. मारकुट्या बैलाच्या त्याच अध्यायात, बैलाने गुलामाला मारल्यास त्याच्या धन्याला तीस शेकेल चांदी द्यावी असे म्हटले आहे. तीस हा आकडा पुढे कोणत्या सौद्यात आला, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

म्हणून गणिताच्या दोन उपयोगांत आम्ही भेद करतो. खबरदारी घ्यावयास हवी होती काय, हे ठरविताना प्रत्येक जिवाचे वजन समान धरावे. तेथे मजूर व अभियंता, बालक व वृद्ध असा भेद करणारे सूत्र आम्हांस त्याज्य वाटते. कुटुंबाचे बुडालेले उत्पन्न भरून काढताना उत्पन्नाचा विचार अपरिहार्य आहे, पण त्याला सर्वांसाठी सारखी अशी एक किमान पातळी असावी आणि ती हक्काची असावी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांविषयीच्या याचिकेत या दिशेने एक पाऊल टाकले आहे. खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई स्थानिक प्राधिकरणांनी द्यावी, आणि ती दोषी ठेकेदार व अधिकारी यांच्याकडून वसूल करावी, असा तो आदेश आहे. रकमेविषयी मतभेद असू शकतील. वर केलेल्या हिशेबाच्या मानाने ती थोडीच आहे. पण येथे पैसे कृपेने मिळत नाहीत, आणि ज्याने खड्डा झाकावयाचा होता त्याच्या खिशापर्यंत हिशेब पोहोचतो. धान्याविषयी आणि रुग्णालयांविषयी असा आदेश व्हावा, असे आमचे मत आहे.

गणिताचा एक धोका मात्र आम्हांस सतत जाणवतो. ज्याचा आकडा मिळत नाही ते शून्य धरण्याची सवय त्याला आहे. टक्कल पडलेल्या मुलीने ओढणी डोक्यावरून न काढता काढलेले दिवस कोणत्या रकान्यात लिहावयाचे? त्या गावांतील बहुतेकांचे केस पुढे परत आले असे सांगण्यात आले, आणि ‘हानी तात्पुरती’ अशी नोंद करणे सोपे झाले. शेतमजुराची बुडालेली रोजी मोजता येते, शरम मोजता येत नाही. कोठडीतील मृत्यू, नाकारलेली खाट, विषारी पोते यांत उत्पन्नापलीकडचे जे जाते, त्यासाठी न्यायाधीशाला अखेर सदसद्विवेकाकडेच वळावे लागते. गणित त्याला तेथपर्यंत आणून सोडते.

मात्र तेथपर्यंत येण्यासाठी गणिताला एक गोष्ट लागते, ती म्हणजे तारीख. धोक्याची पहिली सूचना कार्यालयात केव्हा पोहोचली? आरोग्य केंद्रातून पहिला अहवाल तहसीलला केव्हा गेला, पुरवठा विभागाला केव्हा कळविले, आणि त्या दिवसानंतर कोणत्या गोदामातून किती पोती कोणत्या दुकानात उतरली? ही माहिती कोणत्याही कार्यालयात आवक-जावक नोंदवहीत आणि धान्याच्या साठा नोंदवहीत लिहिलेली असते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून ती मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते दहा रुपयेही भरावे लागत नाहीत. अर्जात ‘कारवाई का झाली नाही’ असे विचारू नये, कारण कारणे देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. नोंदवहीच्या त्या पानांच्या साक्षांकित प्रती मागाव्यात.